वारसाने न येणारी बंदूक

थोरल्या भावाने बंदूक रोखली तेव्हा धाकट्याच्या खांद्यावर नुकताच तोडलेला केळीचा लोंगर होता. तो खाली टाकायचेही त्याला सुचेना. नळी सरळ त्याच्या छातीवर होती. आम्ही तीन पोलीस त्यांच्या केळीच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीशी उभे होतो. उमेळे गावातली ती दुपार मी विसरलेले नाही.

"तूच सांगितलंस ना यांना?" थोरला ओरडला. "बोल, तूच ना?"

सांगितले त्याने नव्हते.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करून घ्यायची, हे आमचे नेहमीचे काम. या भावांच्या वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती. वडील आदल्या वर्षी वारले होते आणि बंदूक काही जमा झाली नव्हती. तशात थोरल्याची बायको मला बाजारात गाठून म्हणाली, "बाई, वाटणीवरून दिराशी वाजलं की हे बंदुकीचं नाव घेतात. एक दिवस काहीतरी करून बसतील. माझं नाव मात्र कुठं येऊ देऊ नका."

मी तेव्हा सहाय्यक फौजदार होते. थोरल्याला ठाण्यात बोलावले. तो आला तो तोऱ्यात.

"सातबारावर आम्हा भावांची नावं चढलीत. बंदूक वाडी राखायलाच घेतलेली. वाडी आमची, मग बंदूक कोणाची? थोरला मी आहे."

मी सातवीपर्यंत शिकलेली. शस्त्रांचा कायदा मला साहेबांनी तीन-चारदा समजावला तेव्हा कळला, म्हणून मी तो सोपा करून सांगते. परवाना माणसाचा असतो. घराचा नसतो, वाडीचा नसतो. माणूस गेला की परवाना संपला. वारसाने हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचे आणि हवे असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. मग पोलीस चौकशी करतात. मारामारी, दारू, घरातली भांडणे, सगळे बघतात. नाही पटले तर परवाना मिळत नाही.

भावाला मारहाण केल्याची तक्रार त्याच्यावर आधीच होती. परवाना मिळणार नाही हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने बोलणे फिरवले.

"बंदूक गेल्या वर्षीच विकली."

"कोणाला?"

"आठवत नाही."

"म्हैस विकली असतीस तर गिऱ्हाइकाच्या आज्याचं नावसुद्धा सांगितलं असतंस," मी म्हणाले. "बापाची बंदूक विकलीस आणि आठवत नाही?"

 त्या दिवशी त्याला घरी जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घराची झडती घ्यायला पाठवले. थोरला वाडीत गेला होता. घरात काही सापडले नाही. ओटीवर त्याची म्हातारी आई भाजी निवडत होती. मी शेजारी बसले. खोटे बोलायला शिकवलेल्या माणसाला थेट प्रश्न विचारला की तो शिकवलेलेच बोलतो. म्हणून मी दसऱ्याचे विचारले.

"आजी, हत्यारांची पूजा मांडता ना? काय काय असतं?"

"कोयता, पहार, खुरपी. मग वाडीत जाऊन पंपाला हार घालायचा. तिथंच तिलाबी."

"तिला म्हणजे?"

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"यंदा केली तिची पूजा?"

"केली की गो बाय," ती हळूच म्हणाली. "यांची आठवण ती."

आम्ही तडक वाडीत निघालो. वाट दाखवायला थोरल्याची बायको पुढे झाली. थोरला बंदूक हलवायलाच तिथे गेला होता. आम्हाला बघून तो खोलीतून बंदूक घेऊनच बाहेर आला आणि केळीत काम करणाऱ्या भावावर त्याने ती धरली.

"दादा, मी नाय रे," धाकटा म्हणत होता. "आईशपथ नाय."

थोरल्याचे बोट चापावर होते. तेवढ्यात त्याची बायको माझ्या बाजूने पुढे गेली.

"मी सांगितलं. भावजींचा काय संबंध? मी सांगितलं!"

तो गर्रकन तिच्याकडे वळला. नळी धाकट्यावरून निघून तिच्याकडे येत होती, तेवढ्यात मी दोन्ही हातांनी ती धरून जमिनीकडे दाबली. बार उडाला. छर्रे मातीत गेले, थोडे माझ्या पोटरीत. हवालदारांनी त्याला खाली पाडले.

पुढे पंचनामा झाला, अटक झाली. विनापरवाना शस्त्र आणि खुनाचा प्रयत्न, दोन्ही कलमे लागली आणि शिक्षाही झाली.

परवान्याच्या चौकशीत आम्ही घरातल्या भांडणांबद्दल विचारले की अर्जदारांना राग येतो. येऊ दे. बंदूक घेताना सगळे रानडुकराचे आणि माकडाचे नाव सांगतात, पण माणसाला खरा राग येतो तो घरातल्यांचा. ज्यांच्या घरी अशी बंदूक असेल त्यांनी मालक गेल्यावर ती ठाण्यात नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. आठवण म्हणून फोटो ठेवावा.

त्या दुपारी वाडीत कोणी मेले नाही. धाकटा वाचला, त्याची वहिनी वाचली, मी वाचले. थोरलाही जिवंत आहे.