भरावावरचे चौघे

जिंतूरकडे जाणारा तो नवा डांबरी रस्ता आणि त्याच्या कडेला उलटलेला ट्रक मला अजून विसरता आलेला नाही. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी त्या भागात फौजदार होतो. पुरुषभर भराव टाकून रस्ता उंच केला होता, वाहनं सुसाट निघाली होती आणि आमचं कामही वाढलं होतं.

दवाखान्यात पाय मोडून पडलेल्या ड्रायव्हरने जबाब दिला, की पहाटेच्या धुक्यात चार पटकेवाले रस्त्याच्या कडेला उभे होते. दरोडेखोर समजून त्याने गाडी दामटली आणि ती पुढच्या वळणावर उलटली. पंचनामा ट्रकपाशीच झाला. दुपारच्या आत वरिष्ठांचा हुकूम आला. जवळच्या माळावर भटक्यांची पालं पडली होती. तिथले चार पुरुष संशयावरून कोठडीत आले. चारच का, तर ड्रायव्हरने चार सांगितले होते. आमच्या खात्याचं गणित असं सोपं असतं. त्यांच्या बायका ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसल्या. दिवे लागले तरी उठल्या नाहीत. मला तेच जड गेलं.

"आमी पालातच होतो," एवढंच चौघांचं म्हणणं. मारझोडीने कबुली मिळते, गुन्हेगार मिळतोच असं नाही. मी जमादाराला आवरलं.

खबर दिली ती एसटीच्या कंडक्टरने. फाटकावरच्या बायका पाहून तो आत आला आणि म्हणाला, "साहेब, ते दरोडेखोर मला रोज दिसतेत. पर हालत न्हाईत."

आम्ही गेलो. भरावाच्या कडेला चार बुजगावणी उभी होती. कडब्याचं अंग, जुने सदरे, डोक्याला मडकं, त्यावर पटका. जमादार हसला. मला हसू आलं नाही. चार माणसं आत होती.

बुजगावणी कोणाची, हे कोणी सांगेना. मी शिवार पाहिलं. ज्वारी हुरड्यात आलेली, शेताशेतात बुजगावणं. एकाच शेतात नव्हतं. कणसात दाणा भरत असताना कोणता शेतकरी शेत उघडं ठेवील? त्या शेताच्या म्हाताऱ्या मालकाला बोलावलं. आधी तो "मला काय ठावं" म्हणत राहिला. फाटकावरच्या बायकांचं सांगितलं, तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, हरणाचा कळप दर हिवाळ्याला डोंगराकडून नदीकडं जातोय. माझ्या आज्याच्या आधीपासून. जाता जाता चार कणसं खायचा, जायचा. आता भराव दिसला की थबकतोय अन् माघारी माझ्या वावरात शिरतोय. जे वर चढलं ते मोटरीखाली गेलं. एक गाभण हरणी मी माझ्या हातानं पुरली. म्हून वावरातली बुजगावणी तिथं नेऊन लावली. कळप ओढ्याकडं वळावा, तिथं सडक सखल हाय."

"वळला का?"

"दोन दिस वळला. मग हरणानं बुजगावणी ओळखली. डायवरला न्हाई ओळखता आली."

रस्त्यात अडथळा केल्याचा गुन्हा मी नोंदवला. म्हाताऱ्याची कीव आली, पण ड्रायव्हरचा पाय खराखुरा मोडला होता. म्हातारा दंडावर सुटला.

चौघांना सोडताना त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला विचारलं, रस्त्यालगत पालं कशाला टाकलीत? तो म्हणाला, "आमीबी दर हिवाळ्याला ह्याच वाटंनं जातो, साहेब. पयले कोणी इचारत नव्हतं. सडक झाल्यापून समदे इचारतेत, हितं कामून आला."

दुसऱ्या सकाळी पालं उठली. गाढवं, पोरं, बोचकी घेऊन ती माणसं भरावाखाली खोळंबली होती आणि ट्रक हॉर्न देत जात होते. मी रस्त्यात उभा राहून हात वर केला. ती पार झाली.

पुढे जिथे बदली झाली, तिथे नव्या रस्त्यालगत कोणी उपरा दिसल्याची तक्रार आली, की मी आधी चौकशी करी, रस्ता होण्याआधी इथून कोण जात होतं? बहुतेक वेळा तक्रार तिथेच मिटे.

पण बदलीच्या आधी, पुढच्याच हिवाळ्यात, तो म्हातारा ठाण्यात हुरडा घेऊन आला. कळप यंदा डोंगराकडून उतरलाच नाही, भरावापर्यंतही आला नाही, म्हणाला. त्याची ज्वारी त्या वर्षी शेवटच्या कणसापर्यंत शाबूत राहिली होती, आणि ते सांगताना त्याला रडू आवरत नव्हतं.