उदासीन वारे

रविवारी विक्रोळीच्या आमच्या वाचनालयात माझी पार वाट लागली... आणि ती मीच लावून घेतली.

माझ्या शेजारच्या दत्ताची मुलगी मीनल, खगोलशास्त्रात संशोधन करते. तिचं मराठीतलं पहिलं व्याख्यान आणि अध्यक्ष मी. दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत... लेक नेमकं काय करते, हे त्याला एकदा तरी समजून घ्यायचं होतं.

पत्रिकेवर विषय होता 'आपल्या अंगणातले उदासीन वारे'. मला वाटलं, पोरगी तरुणांच्या उदासीनतेवर बोलणार. मग काय... माइक हातात आला आणि मी पेटलो. उदासीन माणूस म्हणजे समाजाची वाळवी, तो कुठेही पोहोचत नाही! टाळ्याही पडल्या. तिच्या चाळीस मिनिटांतली पंचवीस मीच खाल्ली.

मीनल उठली, हसली. "काका, माझा उदासीन म्हणजे न्यूट्रल हो. विद्युतभार नसलेला वायू."

मी हळूच खुर्ची मागे सरकवली...

पुढचं ऐकून तर सुन्नच झालो. ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ वायू असतो आणि आपली अख्खी सूर्यमाला त्यातून चाललीय. त्यातले भारित कण सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रापाशी बाहेरच वळवले जातात. उदासीन अणू मात्र थेट आत येतात, बाहेरची खबर घेऊन! यानावरचं उपकरण ते टिपतं आणि आमची मीनल त्यावरून त्या वाऱ्याची दिशा, वेग, तापमान काढते. जन्मभर पुस्तकं वाचली, पण हे मला ठाऊक नव्हतं.

निम्म्या स्लाइड्स राहिल्या. शेवटी दत्ताने हात वर केला. "मगे तेका कोणच अडवणा नाय गो?"

"नाही ना बाबा. भारच नाही त्याला."

दत्ता कितीतरी वेळ मान हलवत राहिला... आमच्या मोर्चांना येत नाही म्हणून याच माणसाला मी तीस वर्षं भर चौकात 'उदासीन' म्हणत आलोय. आणि त्याची लेक कुठे पोहोचली, बघा.

जिना उतरताना तो म्हणाला, "भाषण झकास झाला रे तुझा. फक्त पोरीचो येळ खाल्लंस."

एवढंच. तीस वर्षांत मला कोणी इतकं नेमकं सुनावलं नव्हतं.

येत्या रविवारी मीनलचं व्याख्यान पुन्हा, पूर्ण एक तास. अध्यक्ष कोणीही नाही. दत्ता पहिल्या रांगेत असेल... मी शेवटच्या, तोंड बंद ठेवून.