पाहणीच्या दिवशीचं जेवण

अर्ज लिहायची कला मला वडिलांकडून मिळाली. ते तहसीलमध्ये कारकून होते, आजोबाही कारकूनच. विषय कुठे लिहायचा, संदर्भ कुठे, सहीच्या वर किती नम्र व्हायचं, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं घोटून घेतलं जायचं. म्हणून महागावच्या मुलींच्या वसतिगृहाचं अनुदान थांबलं, तेव्हा निवेदन लिहायचं काम गावानं माझ्याकडे दिलं. मी तिथल्याच शाळेत गणित शिकवत होते.

कापसानं जिल्ह्याची वाट लावली होती, ती ही वर्षं. दिल्ली-मुंबईच्या गाड्या रोज यायच्या. कॅमेरेवाले रडणाऱ्या बायका शोधायचे, त्यांना पुन्हा एकदा रडायला लावायचे आणि संध्याकाळच्या आत नागपूर गाठायचे. पॅकेजं जाहीर व्हायची. पण खेड्यांतल्या चार पोरींच्या वरण-भाताचा विषय काढला की सरकारी उत्तर ठरलेलं, तिजोरीत खडखडाट आहे. तो शब्द ऐकला की माझं डोकं आजही फिरतं.

त्या वसतिगृहात नववीची एक मुलगी होती. तिच्या गावची शाळा सातवीला संपायची आणि एसटी मनात आलं तर यायची. वसतिगृह बंद म्हणजे तिची शाळा बंद, हे तिला माझ्याइतकंच स्वच्छ कळत होतं. तिला गणिताची बाई व्हायचं होतं. झाली असती, आणि माझ्यापेक्षा बरी झाली असती.

आम्ही सह्या गोळा केल्या. दुकानदारांनी केल्या, वकिलांनी केल्या, मुलींच्या आयांनी अंगठे दिले. निवेदनात मी काही राखून ठेवलं नाही. मुली सकाळची भाकर अर्धी करून रात्रीसाठी ठेवतात, छप्पर गळतं, चौघीत एक सतरंजी आहे, सगळं लिहिलं. यवतमाळच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला ओळखून हसायला लागला. अखेर निरोप आला, साहेब पाहणीला येणार आहेत.

आणि इथे आम्ही आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

साहेब येणार म्हणजे पाहुणे येणार. कोणी चुना आणून भिंती पांढऱ्या केल्या. बिछायतवाल्यानं लग्नाच्या गाद्या फुकट दिल्या. शेतकऱ्यांच्या घरून तूप आलं, डाळ आली, पुरण शिजलं. स्वतःच्या लेकरांना महिनोन्महिने तूप न दिसलेल्या बायका साहेबांसाठी पोळ्या लाटत होत्या. घरची उणीव पाहुण्याला दाखवू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं आहे. एकालाही वाटलं नाही की ही मूठ आज उघडायची होती. मलाही नाही.

उलट मी मुलींना ओळीत बसवून शिकवलं, साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, काही कमी नाही.

ती नववीतली उठून उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मंग आपन अर्ज कायले केलता?"

बाकीच्या हसल्या. मी तिला दटावलं. "पाहुण्यांसमोर रडगाणं गायचं नसतं. अर्ज त्यांनी वाचलाय."

वाचला नव्हता. साहेब आले, तूप घालून पुरणपोळी जेवले, दुसरी मागून घेतली. हात धुताना समोर तीच उभी होती.

"काय बेटा, काही त्रास?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. शिकवलंय तसंच म्हण, अशी मी मान हलवली.

"काही कमी नाही, साहेब."

महिनाभरानं कागद आला. लोकसहभागातून व्यवस्था उत्तम आहे, अनुदानाची तूर्त निकड नाही. मी तो वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मसुदा चांगला आहे म्हणाले. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

दिवाळीनंतर वसतिगृहाला कुलूप लागलं. ती मुलगी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन स्टँडवर गेली. मी सोडायला गेले नाही, तोंड कुठलं घेऊन जाणार होते? त्या हंगामात ती कापूस वेचायला गेली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं.

मी पुढेही अर्ज लिहिले. पोच मिळत राहिली.

बऱ्याच वर्षांनी मतदारयादीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांना घरोघर फिरावं लागलं. एका खेड्यात एका दारात तीच उभी. तिनं हट्टानं आत नेलं, खाटेवर धुतलेली चादर अंथरली आणि मागच्या दारानं शेजारणीकडे गेली. "मॅडम आल्या माह्या, वाटीभर दूध दे," असं हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं. घरात धान्याची एकच कोठी होती, तिचं झाकण उघडं होतं आणि तळ दिसत होता.

चहा झाला. तिची मुलगी दाराशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. सातवी झाल्यापासून घरीच असते, म्हणे.

मी विचारलं, "कशी आहेस गं?"

तिनं तेव्हासारखंच माझ्याकडे पाहिलं.

"काही कमी नाही, मॅडम."

आणि माझी मान पुन्हा हलली.