जंगीतून दिसणारी पुळण

“सही करा नि मोकळे व्हा, ओव्हरसियर,” कंत्राटदार बाळाशेट म्हणाले. “कलेक्टर परवा येतोय. भिंत तर झकास उभी आहे.”

भिंत झकासच होती. रत्नागिरीच्या किल्ल्याचा समुद्राकडचा ढासळलेला तट बाळाशेटनी बांधून काढला होता. जांभा ताजा, वर चर्या एका ओळीत. चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावरचे पाकळीच्या आकाराचे दगडी आडोसे. मागे उभा असलेला माणूस बाहेरून दिसत नाही. त्यांत बंदुकीसाठी भोकं ठेवतात, त्या जंग्या. शेजारच्या न ढासळलेल्या तटातल्या जुन्या जंग्या बाहेरच्या अंगाला खाली उतरत्या होत्या. बाळाशेटनी नव्या सरळ आडव्या काढल्या होत्या.

“या फोडून पुन्हा बांधा,” मी म्हटलं.

“आता कोण येतंय हो चाल करून? इंग्रज तर आत येऊन बसलाय.”

“म्हणूनच नीट बांधा.”

ते हसले आणि थेट रावसाहेबांकडे गेले. रावसाहेब आमचे डेप्युटी इंजिनियर. मिठाच्या सत्याग्रहानंतरचे दिवस ते. मी घरी खादी वापरतो हे त्यांच्या कानावर होतंच. दुपारी ते रागातच तट चढून आले.

“शोभेची वस्तू आहे ही. भोकं तिरकी काय, सरळ काय! सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

“शोभेची ठरली तर सही करतो, साहेब. आधी बाळाशेटना खाली पुळणीवर पाठवा.”

पुळण म्हणजे तटाखालची वाळू. होड्या लागायला जागा तेवढीच. बाळाशेट कुरकुरत उतरले. मी रावसाहेबांना नव्या जंगीपाशी बसवलं.

“काय दिसतं?”

“समुद्र. आभाळ. लांब एक मचवा.”

“आता जुनीतून बघा.”

ते वाकले आणि जुन्या जंगीला डोळा लावला. खाली बाळाशेट छत्री हलवत उभे होते. शेजारच्या जंगीतून पाहिलं, तिथेही बाळाशेट. तिसरीतूनही तेच. होडीतून उतरणाऱ्यावर तिन्हीकडून नेम, आणि त्याला वर दिसणार नुसता दगड.

“कोणी आखलं असेल रे हे?” रावसाहेबांचा आवाज उतरला होता.

“आपल्याच माणसांनी. जे अडाणी होते असं शाळेत शिकवतात, त्यांनी.”

बाळाशेट धापा टाकत वर आले. “दिसलो का?”

“जुन्या जंग्यांतून दिसलात. तुमच्या एकीतूनही नाही.”

“म्हणजे मी शत्रूची सोय केली म्हणा की,” ते म्हणाले, आणि गड्यांना पहारी आणायला सांगितलं.

कलेक्टर आला तेव्हा तट अर्धा फोडलेला होता. रावसाहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं, “काम चुकलं होतं, दुरुस्त करतोय.” माझं नाव घेतलं नाही; नोकरीही घेतली नाही. प्रत्येक नव्या जंगीतून पुळण दिसली, तेव्हा मी सही केली.

काम तपासायचं तर ते ज्याच्यासाठी बांधलं, त्याच्या जागी जाऊन बसावं. रस्त्यावरून सगळ्याच भिंती चांगल्या दिसतात.