नव्या मास्कचं झाकण

दुपारचे अडीच. पंखा फिरतोय, पण वारा वरूनच परत जातोय. शीतगृहाच्या गेटवरच्या केबिनमध्ये अंकुश गेडाम हजेरी रजिस्टरवर डोकं टेकवतो. नोकरीला तीनच आठवडे झालेत. चार वाजता अमोनियाचा व्हॉल्व्ह दुरुस्तीला खोलणार आहेत आणि मास्क लावून दारात उभं राहायचं काम त्याचं. मास्क समोर खुंटीवर आहे, करकरीत. फिल्टरवर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर सील. तायडे सुपरवायझरचा हुकूम पक्का : ऑडिट होईपर्यंत सील तोडायचं नाही.

डोळे मिटतात न मिटतात तोच त्याच्या गल्लीतले, आधी याच कामावर असलेले भोयरकाका आत येतात. मागच्या उन्हाळ्यात गॅस गळला तेव्हा काका मास्क लावून आत गेले आणि मास्क लावलेलेच बाहेर आणले गेले. अहवालात आलं, ‘मास्क सुस्थितीत, सील शाबूत.’ वाचून सगळ्यांना बरं वाटलं होतं.

"काऊन बे गेडाम, झोपून राह्यला काय?"

"काका, तुम्ही तर..."

"सुट्टीवर आहो. चाल, घरी चाल."

केबिनचं दार काकांच्या बैठकीत उघडतं. सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक. भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो, त्यालाही दुकानातलं प्लास्टिक तसंच.

"तुही काकू म्हणते, धूळ बसत नाही," काका कौतुकानं सांगतात.

फोटोवरचं प्लास्टिक आतून धुरकट होतं. निवळतं. पुन्हा धुरकट होतं. अंकुशला वाटतं, विचारावं का? पण पाहुण्यानं इतकं खोलात जाऊ नये.

तो सोफ्यावर टेकतो. सोफा थंडगार. चहूबाजूंनी छतापर्यंत बटाट्याची पोती रचलेली, मधे हे दोघं. काका त्याच्या तोंडावर मास्क चढवतात, पट्टे मायेनं आवळतात.

"कसं वाटते?"

"नवं वाटते, काका."

दुसरा श्वास येत नाही. रबर गालांना चिकटतं. तो फिल्टरवर नखं मारतो, बोटं गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरतात.

"काका, झाकण! झाकण काढा!"

काका कानाला हात लावतात. "काय म्हणतं? मीबी तेच ओरडत होतो बे. मास्कमधून ऐकूच येत नाही कोणाले."

अंकुश दचकून उठतो. पंखा फिरतोय. मास्क खुंटीवरच आहे, सील जागच्या जागी. खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत लालभडक वळ, अंडाकृती, दोन्ही गालांवर पट्ट्यांच्या खुणा. तो बोट फिरवतो. वळ खोल आहे आणि बर्फासारखा गार.

"गेडाम! चार वाजले!" तायडेसाहेब दारात येतात.

अंकुश खुंटीवरून मास्क उतरवतो, सील दातांनी तोडतो आणि झाकण पिळून काढतो.

"अबे, अबे! नवा आहे तो!"

"असू द्या, सायेब," अंकुश म्हणतो. "मले जुनं व्हायचं हाय."