चार पिकू
काल अंगणातल्या दगडी डोणीत साचलेल्या पाण्याला बदामाच्या पानांचा वास आला आणि माझी काचेची टाकी आठवली. तशीच पानं घातलेल्या पाण्यात मी इतर काही माशांसोबत बोटाएवढ्या सिक्लिड माशांची जोडी पाळली होती. टाकीत ठेवलेल्या करवंटीत त्या जोडीची अंडी दिसली तसे मी बाकीचे मासे बाहेर काढले. बाळंतिणीच्या खोलीत गर्दी कशाला? दुसऱ्याच दिवशी मादीने नराची शेपटी फाडली. शेजारचे काका हसले, "अरे, दोघांनाच कोंडलंस तर भांडणारच ती. विहिरीतले चार पिकू सोड टाकीत, राग काढायला." ते इवलेसे मासे सोडले, नि दोघं एक होऊन त्यांच्यावर धावू लागली. पिल्लं जगली. लेक मुंबईला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आज आमटीतल्या मिठावरून वाजलं, तेव्हा कालच ही गोष्ट ऐकलेली बायको म्हणाली, "जा, विहिरीतले चार पिकू घेऊन या."