टिलबर्गच्या बाजारात गझनीचं नाणं

नीउ-व्हेनेप या डच गावाहून निघाले तेव्हा डब्यात धपाटे होते आणि डोक्यात तीस वर्षांचा इतिहास. मी साताऱ्याच्या शाळेतली निवृत्त इतिहासाची बाई, मुलाकडे आलेली. दहा वर्षांची नात मीरा, तिचं सोमवारी ‘स्प्रेकबर्ट’ (वर्गापुढे करायचं भाषण) होतं. विषय गझनीच्या सुलतानाच्या स्वाऱ्या. सोबत एखाद्या वस्तूचा फोटोही हवा होता. एवढी घरची तज्ज्ञ असताना काळजी कसली, असं मीच जाहीर केलं.

गाडीत मी मीराला सतरा स्वाऱ्या बोटांवर मोजून सांगितल्या. रॉटरडॅम आलं आणि गेलं. कुरणं, कालवे, मी काही पाहिलं नाही. मी शिकवत होते.

टिलबर्गला जुन्या नाण्यांचा बाजार भरला होता. एका पांढऱ्या दाढीच्या अफगाण गृहस्थांच्या टेबलावर चांदीचं नाणं दिसलं, त्यावर थेट आपल्यासारखी अक्षरं! माझा आवाज चढला.

“बघ मीरा, आपल्या राजाचं नाणं. सुलतानाने लुटून नेलेलं!”

तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, “आजी, हाऊ डू यू नो?”

“दिसतंय ना!”

गृहस्थांनी हळूच नाणं उलटलं. मागे अरबी. “बहनजी, ये उसी सुलतान का है. लाहोर में बना. दूसरी तरफ़ कलमा है, संस्कृत में.”

देवळं फोडणारा संस्कृतात नाणी पाडतो? वाचायला गेले तर लिपी काश्मीरकडची जुनी शारदा, एक अक्षर लागेना.

“हमें स्कूल में सिखाया, वो हीरो था,” ते म्हणाले.

“हमको विलन सिखाया. मैंने भी वही सिखाया.”

पोरगी वर्गात तोंडघशी पडणार होती, तीही माझ्यामुळे. मी खुर्ची ओढली, धपाट्यांचा डबा उघडला आणि म्हटलं, “शुरू से बताइए.” त्यांनी सांगितलं, नाण्याचा फोटोही काढू दिला.

सोमवारी मीरा हसत घरी आली. तिच्या भाषणाचा डच कागद मी भारतात परत निघाले तेव्हा मुलाने मला विमानतळावर वाचून दाखवला. ‘लुटलेलं नाणं’ खोडून तिने खाली लिहिलं होतं: “सुलतानाने देवळं लुटली, हे खरं. या नाण्याबद्दल आजीला माहीत नव्हतं. मग तिने विचारलं.”

तीस वर्षं मी ‘स्वाऱ्या किती?’ विचारत आले आणि ‘सतरा’ला पूर्ण गुण देत आले. एका मुलीने एकदा विचारलं होतं, “बाई, कशावरून?” मी तिला तासभर बाकावर उभं केलं. साताऱ्यात परतल्यापासून मी तिचा पत्ता शोधते आहे.